पुणे की नागपूर: मॉलमधल्या विक्रीवाढीचा टक्का कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या मेन रोडला घरचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे आणि दुसरं दुकान मॉलमध्ये काढायचं आहे. पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका मॉलकडून आणि नागपूरच्या एका मॉलकडून साधारण ८०० फुटांच्या गाळ्याची ऑफर आली आहे. छोट्या शहरांतले मॉल महानगरांपेक्षा वेगाने वाढतायत असं तुम्ही वाचलंत. त्यात नागपूरच्या माणसाने वर्षाची विक्रीवाढ २० टक्के दाखवली, पुण्याच्याने ६. मग डोळे झाकून नागपूर घ्यावं का?

मी बरीच वर्षं मॉलच्या लीझिंगमध्ये आणि नंतर ऑपरेशन्समध्ये काढली आहेत. मॉलच्या बाजूनेही बसलो आहे आणि दुकानदाराच्या बाजूनेही. त्या अनुभवावरून सांगतो, कुठला भाग जास्त वाढतोय यावर तुमचा निर्णय ठरत नाही. तिसऱ्या वर्षी भाडं वाढल्यानंतर महिनाअखेरीस तुमच्या हातात किती उरेल, यावर तो ठरतो. वाढीचा टक्का त्या उत्तराचा फक्त एक भाग आहे, आणि बऱ्याचदा सगळ्यात फसवा भाग असतो. काही गोष्टी तुमच्यावरच अवलंबून आहेत: खरेदीत तुम्हाला किती मार्जिन सुटतं, माल तुमचा स्वतःच्या लेबलचा आहे की कंपन्यांचा, आणि दुकानात घरचं कोण बसणार. समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला तरी नाशिकहून नागपूर म्हणजे निम्मा दिवस जातो. पुण्याला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. नव्या दुकानाच्या पहिल्या सहा महिन्यांत या फरकाला फार किंमत असते.

आता तो टक्का. पहिला प्रश्न हा विचारा की वाढ त्याच दुकानांची आहे की नव्या जागेची. इंदूरचं उदाहरण घ्या. तिथला फिनिक्स सिटाडेल डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. म्हणजे २०२२-२३च्या आर्थिक वर्षात त्याचे चार महिने आले आणि २०२३-२४मध्ये बारा. शहराची किंवा विभागाची बेरीज केली की वाढ प्रचंड दिसणारच. अहमदाबादचा पॅलेडियम फेब्रुवारी २०२३चा, लखनौचा लुलू जुलै २०२२चा. वाढीच्या बातम्यांत ही शहरं वर दिसतात त्यात लोकांची खरेदी वाढण्याचा वाटा आहेच, पण पूर्वी जी विक्री बाजारपेठेतल्या दुकानांत व्हायची ती आता मॉलच्या हिशेबात येते, याचाही मोठा वाटा आहे. तुमच्यासारख्या दुकानदाराला उपयोग असतो तो फक्त लाईक-टू-लाईक आकड्याचा, म्हणजे दोन्ही वर्षं पूर्ण बारा महिने चालू असलेल्या दुकानांच्या विक्रीचा.

याचंच एक लपलेलं रूप आहे. नवा मॉल उघडतो तेव्हा नव्वद टक्के गाळे भाड्याने गेलेले असतात, पण शटर वर असतं साठ टक्क्यांचं. बाकीच्यांचं फर्निचरचं काम चाललेलं असतं. पुढच्या वर्षभरात ते एकेक करून उघडतात आणि मॉलची एकूण विक्री वीस-तीस टक्के वाढते. त्या काळात आधीपासून चालू असलेल्या एकाही दुकानाचा गल्ला वाढलेला नसेल, असंही होऊ शकतं. नागपूरच्या माणसाला म्हणून सरळ विचारा, “मागच्या वर्षी या महिन्यात किती गाळे चालू होते आणि आज किती आहेत?” हा आकडा त्याच्याकडे असतोच.

नव्या जागेचा उलटा परिणाम शेजारच्या जुन्या मॉलवर होतो. सप्टेंबर २०२३मध्ये वाकडला मॉल ऑफ द मिलेनियम उघडला. त्याआधी हिंजवडी, वाकड, पिंपळे सौदागरची मंडळी मोठ्या खरेदीसाठी औंधला जायची किंवा वीसेक किलोमीटरवर विमाननगर गाठायची. घराजवळ मॉल आल्यावर ती खरेदी जागा बदलणारच. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या मॉलची वाढ ६ टक्के दिसली तर पुणेकरांनी हात आखडता घेतला असा अर्थ लगेच काढू नका. शहराची खरेदी वाढलेली असते, ती आता जास्त गाळ्यांत वाटली गेलेली असते. तुम्हाला विचारायचं आहे ते एवढंच की ही वाटणी आता संपली का, की त्याच रस्त्यावर आणखी एक मॉल उभा राहतोय. गाडी काढून पाच किलोमीटरच्या परिघात एक चक्कर मारा. बांधकामाचे बोर्ड वाचले की कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुलना कशाशी केली आहे. कोणी जुन्या, कोरोनाकाळातल्या वर्षांचे तक्ते दाखवले तर जपून. केंद्राने ८ जून २०२०पासून मॉल उघडायला परवानगी दिली, पण महाराष्ट्रात ते ५ ऑगस्टला उघडले, तेही सिनेमा बंद आणि फूड कोर्टातून फक्त घरपोच डिलिव्हरी अशा अटींवर. २०२१च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे परत बंद झाले, ते राज्यभर १५ ऑगस्टला दोन डोस घेतलेल्यांसाठी उघडले. सिनेमागृहं तर २२ ऑक्टोबरला सुरू झाली. इतका खड्डा पडल्यावर २०२२-२३मध्ये महाराष्ट्राची वाढ इतर राज्यांपेक्षा उंच दिसली यात नवल काय? तीन-चार वर्षांची सरासरी वाढ काढून दाखवणारे तक्ते त्या खड्ड्यातून सुरू होत असतील तर बाजूला ठेवा.

तिसरी गोष्ट पंचांगाची. हिच्याकडे बाहेरचे विश्लेषक दुर्लक्ष करतात, पण आपल्या धंद्यात तिच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. पितृपक्ष २०२३मध्ये सप्टेंबरअखेर सुरू होऊन १४ ऑक्टोबरपर्यंत चालला. २०२४मध्ये तो २ ऑक्टोबरला संपला आणि २०२५मध्ये २१ सप्टेंबरलाच. कपड्यांच्या दुकानात हे पंधरा दिवस किती सुने जातात ते तुम्हाला सांगायला नको. दसरा २०२३ला २४ ऑक्टोबरला, २०२५ला २ ऑक्टोबरला. दिवाळी २०२३ला १२ नोव्हेंबरला, २०२५ला २० ऑक्टोबरच्या सुमारास. अशा वर्षांत ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी केली तर अंकगणित बरोबर येईल आणि निष्कर्ष साफ चुकेल.

त्यातून प्रदेशानुसार हा सरकाव वेगळा असतो. केरळची मोठी खरेदी ओणमला होते. तमिळनाडूत आडी महिन्याचे सेल जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतात. बंगालचा जोर दुर्गापूजेच्या आधीच्या आठवड्यांत असतो, आणि पोइला बैशाखच्या, म्हणजे बंगाली नववर्षाच्या, आधी चैत्र सेल असतो. महाराष्ट्रात गुढीपाडवा, गणपती आणि दिवाळी. एका तिमाहीत दक्षिण पुढे आणि पश्चिम मागे दिसली तर आधी सण कोणत्या महिन्यात पडले ते पाहा. अधिक महिन्याचं तर आणखी वेगळं आहे. २०२३ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. बऱ्याच ठिकाणी या महिन्यात लग्नकार्य थांबतं म्हणून भारी कपड्यांची विक्री मंदावते. आपल्याकडे मात्र धोंड्याचा महिना म्हणून लेक-जावयाला बोलावून कपडे केले जातात, त्यामुळे काही दुकानांत उलट गर्दी असते. एकाच महिन्यात एकाच देशात असे दोन परिणाम दिसतात. म्हणून मी कधीही एका महिन्याची किंवा तिमाहीची वाढ धरत नाही. सलग बारा महिने मागच्या बारा महिन्यांशी लावून पाहतो, आणि शक्य असेल तर चोवीस महिने.

२०२५च्या आकड्यांत आणखी एक गुंता आहे. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले. तुमच्या मालाचंच बघा. करापूर्वी १,५०० रुपयांचा फ्रॉक आधी १२ टक्क्यांनी १,६८०ला जायचा, आता ५ टक्क्यांनी १,५७५ला जातो. तितकेच फ्रॉक विकले तरी करासहित विक्री सहा टक्क्यांनी कमी दिसणार. उलट २,५०० रुपयांच्या वरचा कपडा १२वरून १८ टक्क्यांत गेला. उत्तरेत थंडीची जॅकेटं याच किमतीत येतात, त्यामुळे दिल्ली-लखनौच्या हिवाळी हंगामाचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा बसतो. केरळात ओणम ५ सप्टेंबरला होता, म्हणजे कपातीच्या आधी. मोठा टीव्ही किंवा एसी घेणाऱ्याला दर उतरणार हे कळलं होतं, तेव्हा थांबलेलाच शहाणा ठरला. तर मग मॉल जो आकडा देतोय तो करासहित की करवगळता, हे लेखी विचारा. तुमचा रेव्हेन्यू शेअरही (विक्रीच्या टक्क्यांत द्यायचं भाडं) करवगळता विक्रीवरच असायला हवा. करारात तसं स्पष्ट लिहून घ्या.

एवढं वजा केल्यावर जे उरतं तो खरा प्रादेशिक फरक. तो असतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

नागपूरच्या मॉलचं गिऱ्हाईक फक्त नागपूरचं नसतं. रविवारी दुपारी चारला पार्किंगच्या उताराशी उभे राहा आणि नंबरप्लेट वाचा. एमएच-३१ आणि ४९ शहराच्या, ४० ग्रामीणच्या. त्यांत मिसळलेल्या दिसतील वर्ध्याच्या ३२, चंद्रपूरच्या ३४, अमरावतीच्या २७, आणि छिंदवाड्याकडच्या एमपी-२८. हे कुटुंब पाऊणशे ते दीडशे किलोमीटरवरून आलेलं असतं. ते सिनेमा बघतं, जेवतं आणि मुलांचे दोन-तीन जोड एकदम घेतं. बिल मोठं होतं, फेऱ्या कमी होतात. मंगळवारी त्याच उताराशी उभं राहिलं तर बाहेरच्या गाड्या जवळपास गायब असतात. पुण्याच्या पश्चिमेला याच्या उलट चित्र दिसतं. एमएच-१४ आणि १२ यांचंच राज्य, घर तीन-चार किलोमीटरवर, आठवड्यात दोन फेऱ्या, बिल लहान. पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतो आणि विक्रीही तिकडे झुकते. वाढदिवसाचा एक ड्रेस, शाळेच्या गॅदरिंगचा एक, असा माल तिथे वर्षभर हलतो. नागपूरला सण, लग्नसराई आणि शाळेचा हंगाम हे तीन ढीग असतात.

शाळेच्या हंगामाचाही फरक आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, तेव्हा जूनची तुमची विक्री नाशिकच्या तुलनेत जुलैकडे सरकेल. माल भरताना हे धरा. मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळिसाजवळ जातो. दुपारी लोक गारव्यासाठी मॉलमध्ये येतात, म्हणून फूटफॉल, म्हणजे येणाऱ्यांचा आकडा, भरपूर दिसतो, पण पिशव्या कमी. मी फूटफॉलवर कधीच समाधान मानत नाही. संध्याकाळी सात ते आठ बाहेर पडायच्या दारापाशी उभं राहून मोजतो: शंभर माणसं बाहेर पडली तर किती जणांच्या हातात पिशवी आहे, आणि त्यांतली किती कपड्यांची. कोणतंही प्रेझेंटेशन हे सांगत नाही.

समोरची बाजारपेठ हा दुसरा खरा फरक. नागपूरची सीताबर्डी, पुण्याचा लक्ष्मी रोड, कोल्हापूरची राजारामपुरी, तुमचा मेन रोड या पेठा जिवंत आहेत, आणि लहान मुलांच्या कपड्यांत तर फारच. जिथे अशी पेठ मॉलपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, तिथे गिऱ्हाईक मॉलमध्ये बघतं आणि पेठेत घेतं. वाकड-हिंजवडीच्या माणसाला लक्ष्मी रोड गाठायचा म्हणजे अर्धा दिवस मोडतो, म्हणून तो मॉलमध्येच घेऊन टाकतो. नागपूरचा गाळा सीताबर्डीपासून किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. या एका गोष्टीने माझं मत फिरू शकतं.

उत्पन्न कुठून येतं तेही बघावं लागतं. पगारदार उपनगरात विक्री संथ पण सरळ वाढते. शेती आणि व्यापाराच्या भागात ती उड्या मारत जाते. विदर्भात कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हातात येतो. भाव पडले तर त्या वर्षी वर्धा-यवतमाळकडच्या गाड्या पार्किंगमध्ये कमी दिसतात. २० टक्क्यांची वाढ चांगल्या हंगामानंतरची असेल, तर ती पुढच्या वर्षी परत मिळेलच असं धरू नका.

आणि मालकी. मॉल एकाच मालकाचा आहे, की गाळे वेगवेगळ्या लोकांना विकलेले आहेत? विकलेल्या गाळ्यांच्या मॉलमध्ये कोणता ब्रँड कुठे बसवायचा हे कुणाच्याच हातात नसतं. मुलांच्या कपड्यांशेजारी मोबाईल रिपेअर येतं, एस्कलेटर बंद पडला तर खर्च कोणी करायचा यावर वाद होतो, आणि वर्षाभरात वरचा मजला अंधारात जातो. मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडे असे मॉल आहेत. शहर वाढत असूनही ते बुडाले. माझ्या मते शहरा-शहरांतल्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे. मालक एक नसेल तर पुढचा हिशेब करायचीही गरज नाही, ऑफर नाकारा.

आता हिशेब. आकडे मी समजा म्हणून धरतोय, तुम्ही तुमचे घाला. नागपूरला दर चौरस फुटाला महिन्याची विक्री १,००० रुपये आणि भाडं-कॅम (कॅम म्हणजे सामायिक जागेच्या देखभालीचा खर्च) मिळून १४०. पुण्याला विक्री १,८०० आणि भाडं-कॅम ३३०. गाळा ८०० फुटांचा, मार्जिन ३५ टक्के. आज नागपूरला ८ लाखांच्या विक्रीवर भाडं वजा जाता उरतात १ लाख ६८ हजार. पुण्याला १४ लाख ४० हजारांवर उरतात २ लाख ४० हजार. पगार, वीज, मालाचं व्याज यातून जायचंय.

तीन वर्षांनी भाडं दोन्हीकडे १५ टक्के वाढलं असं धरा. पुण्याची विक्री दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढली. नागपूरची पहिल्या वर्षी २०, मग १२, मग ८, कारण नव्या मॉलचा जोर असाच उतरत जातो. तेव्हा नागपूरला उरतात साधारण २ लाख ७८ हजार आणि पुण्याला २ लाख ९७ हजार. जवळजवळ बरोबरी झाली, आणि पुण्याचे पगार जास्त हे धरलं तर नागपूर पुढेही जाईल. पण तीच वाढ पहिल्या वर्षानंतर थांबली तर नागपूरला उरतात २ लाख ७ हजार. पुणे मग महिन्याला ९० हजारांनी पुढे राहतं. म्हणजे २० हा आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टिकतो का, यावर सगळं आहे. त्यासोबत भाडं विक्रीच्या किती टक्के पडतं तेही: इथे नागपूरला १४, पुण्याला १८हून जास्त. कपड्यांच्या छोट्या दुकानाला १८च्या वर गेलं की श्वास घ्यायला जागा राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

थोडक्यात, नव्या गाळ्यांची वाढ, खड्ड्यातून मोजलेली वाढ, सणाच्या सरकावाची वाढ आणि कराचा फरक आधी वजा करा. मग गिऱ्हाईक कुठून येतं, पेठ किती जवळ आहे आणि मालक कोण, हे बघा.

तुमच्या जागी मी असतो तर दोन्हीकडून मुलांच्या कपड्यांच्या विभागाची चोवीस महिन्यांची दरमहा विक्री, चौरस फुटामागे आणि करवगळता, मागितली असती. दुकानांची नावं झाकून द्या म्हणावं, बहुतेक देतात. दिली नाहीत तर त्याच मजल्यावरच्या दोन दुकानांच्या मॅनेजरशी चहा घ्या. चौरस फूट कार्पेटचे (प्रत्यक्ष वापरायचे) आहेत की लोडिंग (सामायिक जागेचा वाटा) धरून, हेही त्याच वेळी विचारा. ८०० फुटांचं भाडं भरून वापरायला ५०० मिळतात तेव्हा वरचा सगळा हिशेब बदलतो. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या जीएसटी योजनेत) असाल तर त्याचं क्रेडिट मिळणार नाही, सीएशी आत्ताच बोलून घ्या.

आणि नागपूरवाल्याला त्याच्याच २० टक्क्यांवर धरा. पहिलं वर्ष एमजी (ठरलेलं किमान भाडं) नको, फक्त रेव्हेन्यू शेअर घ्या असं सुचवा, आणि दीड वर्षानंतर विक्री ठरलेल्या आकड्याखाली राहिली तर लॉक-इन (गाळा सोडता न येण्याची मुदत) सोडून निघता यावं असं कलम मागा. वाढीवर त्याचा स्वतःचा विश्वास असेल तर तो घासाघीस करेल, पण बोलणी तोडणार नाही. त्याने हे मान्य केलं, सीताबर्डी जवळ नसली आणि घरचं कोणी वर्षभर नागपूरला राहायला तयार असलं, तर मी नागपूर घेईन. यांतली एक जरी गोष्ट जमली नाही तर पुण्याचं भाडं १८ टक्क्यांखाली आणायच्या मागे लागेन. मॉलचं लोकेशन, गाळ्याचा मजला आणि दोन्ही ऑफरमधला कॅमचा दर टाकलात तर आणखी नेमकं सांगता येईल.